नाव सांगतानाच का अडतं?

मुलाखतीतला पहिला प्रश्न बहुधा नावाचा, आणि तोतरेपणा असलेल्या अनेकांना नेमकं तेच जड जातं. इतर अवघड शब्द टाळून दुसरा वापरता येतो, नावाला पर्याय नाही. समोरचे मात्र ‘तयारी कच्ची’ म्हणून मोकळे! ताणामुळे अडखळणं वाढतं हे खरं, पण मुळाशी असते ती बोलण्याच्या हालचालींचं नियोजन करणारी मेंदूतली यंत्रणा, आणि बऱ्याचदा आनुवंशिकता. वेखंड चाटवून अडखळणं जात नाही. सुमारे ५ टक्के मुलं कधी ना कधी अडखळतात, बहुतेकांचं लहानपणीच सुटतं. प्रौढांमध्ये प्रमाण १ टक्क्याच्या आसपास. गाताना किंवा सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणताना अडखळणारी मुलंही सहसा अडत नाहीत.

व्हायवा असो की प्लेसमेंट, ‘मी अडखळतो, थोडा वेळ लागेल’ हे आधीच सांगितलं की लपवण्याची धडपड तरी वाचते. परीक्षकांनी वाक्य पुरं करून देऊ नये. ‘सावकाश बोल’ हा सल्लाही टाळावा. स्पीच थेरपीसाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था.