आयटीआयमधला जुलैतला एक दिवस

सकाळी 7:45
वर्कशॉपचं कुलूप, मेन स्विच, हजेरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शासकीय आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेडला शिकवतो. कागदोपत्री मी शिल्प निदेशक आणि माझा ट्रेड ‘जोडारी’. पोरांना दोन्ही शब्दांशी देणंघेणं नाही. जुलैत आमची ओढाताण होते. पहिल्या वर्षाची तुकडी परीक्षेच्या तोंडावर आलेली असते आणि त्याच वेळी नव्या प्रवेशांची झुंबड उडते.

8:00
वीस जणांची तुकडी. आज मेल-फिमेल फिटिंगचा जॉब आहे. माइल्ड स्टीलच्या दोन पट्ट्या. एकीत खाच, दुसरीत तिच्यात बसणारी जीभ. बसवून उजेडासमोर धरलं तर फटीतून प्रकाश दिसता कामा नये. कानस मारताना नवशिका जाताना-येताना दोन्हीकडे जोर देतो. येतानाच्या जोराने कानशीचे दात बोथट होतात, काम काहीच होत नाही. हात झुलला की पट्टीच्या कडा झिजतात आणि मधे फुगवटा राहतो. “जोर जाताना. येताना नुसती सरकव.” हे मी झोपेतही बोलत असेन.

सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या काळात हे कशासाठी, असं पालकच नव्हे, कारखानदारही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. बटण दाबणारा माणूस उद्या बदलता येतो. पण डाय बसत नाही, बेअरिंग गरम होतंय, कपलिंग सरळ नाही, तेव्हा ज्याच्या बोटांना फरक कळतो त्यालाच हाक मारतात. व्हर्नियरवरचे 0.02 मिलिमीटर वाचायला कुणीही शिकतं. ते हाताने काढायला दोन वर्षं लागतात.

तुकडीत दोन मुली आहेत. 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव असूनही त्या वळतात कोपाकडे, म्हणजे कॉम्प्युटरच्या ट्रेडकडे, नाहीतर शिवणकामाकडे. “फिटरला पोरगी?” हा प्रश्न घरातून येतो, कारखान्यातून फार नाही. आज सगळ्यांत आधी जॉब जुळवला तो त्या दोघींपैकी एकीने.

11:00
मदत कक्ष. पहिले वडील खुर्चीत बसण्याआधीच सांगतात, “इलेक्ट्रिशियनच पायजे सर. म्हावितरणात लागतंय पोरगं.” त्यांचं अगदी चूक नाही. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचंच प्रमाणपत्र लागतं. पण जाहिरात येईल तेव्हा येईल, आणि तिला अख्खा महाराष्ट्र अर्ज करणार. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रिशियनची गर्दी मोठी आणि गुणांची चढाओढही तिथेच. पोराला 58 टक्के, आणि अर्जात विकल्प एकच भरलेला!

मी विचारलं, गाव कुठलं? शिरोलीजवळचं. मग दाराशी फाउंड्र्या आहेत, पलीकडे गोकुळ शिरगाव, कागल. तिथे ओतलेलं कास्टिंग कुणीतरी टर्न करतं, मिल करतं, मशीन बंद पडलं तर कुणीतरी उघडतं. टर्नर, मशिनिस्ट, फिटर ही नावं रुबाबदार नसतील, पण सायकलच्या अंतरावर काम आहे. विकल्प वाढवले. क्रम मात्र मनापासून लावा म्हटलं, कारण पहिलाच विकल्प मिळाला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर.

नंतरच्या बाईंचा मुलगा दहावीत अडकलेला. “म्हंजे संपलंच न्हवं सर?” संपलं नाही. वायरमन आणि वेल्डरला आठवी उत्तीर्ण चालतं. वेल्डरचं एक वर्ष, वायरमनची दोन. वर्ष वाचतं म्हणून वेल्डर घेऊ नका, वेल्डिंग आवडतं म्हणून घ्या. दहावी झालेल्यांनी तर हे आधीच पाहावं: दोन वर्षांचा ट्रेड केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट उघडते, एक वर्षाच्या ट्रेडने ती उघडत नाही. हा फरक बहुतेकांना प्रमाणपत्र हातात आल्यावर कळतो.

12:45
डबा. वांग्याची भाजी, आणि मधेच दोन पालक.

दुपारी 1:30
ठेकेदाराचा फोन. “सर, दहा पोरं द्या, उद्या जॉइन.” अप्रेंटिस म्हणून की कंत्राटी? पलीकडे शांतता. दिवसातलं माझं खरं भांडण हेच आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. 2019च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला महिना किमान 7000 रुपये विद्यावेतन ठरलं. ठेकेदार त्याहून थोडे जास्त देतो, आणि घरी कर्जाचा हप्ता असला की पोरगं तिकडे जातं. त्याला दोष कसा देऊ? पण ठेकेदाराकडच्या वर्षाचा कागद कुठेच नसतो. अप्रेंटिसशिपनंतर परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेत अप्रेंटिस झालेल्यांना तर रेल्वेच्या लेव्हल 1 भरतीत 20 टक्के जागा आहेत. पोरांची नावं मी दिली नाहीत. कारखान्याच्या एचआरचा नंबर मागितला.

3:00
जुनी विद्यार्थिनी आली. फिटर झाली, अप्रेंटिसशिपही झाली, आता तिला माझी खुर्ची हवी आहे. मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेतल्या एक वर्षाच्या निदेशक प्रशिक्षणाची माहिती दिली. तिने जाता जाता तुकडीतल्या त्या दोघींशी बराच वेळ गप्पा मारल्या. त्याचा उपयोग माझ्या भाषणापेक्षा जास्त.

4:15
नोंदवह्या, आणि बंद लेथच्या सुट्या भागासाठी पुन्हा तेच पत्र.

पालकांना एवढंच सांगणं आहे: विकल्प भरण्याआधी एकदा सकाळच्या वेळी जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये या. मुलाला किंवा मुलीला सोबत आणा आणि मागच्या तुकडीतली किती जणं अप्रेंटिस लागली, हे तिथल्या निदेशकाला विचारा. ट्रेड त्यानंतर ठरवा.