वॉलेस आणि त्याचे प्रकाशक : सिंगापूरच्या जंगलातून लंडनच्या छापखान्यात

रविवारी सकाळी बुकिट तिमाची टेकडी चढणाऱ्या आपल्या मंडळींपैकी अनेकांना आल्फ्रेड रसेल वॉलेस हे नाव माहीत असेल. शेजारच्या डेअरी फार्म उद्यानातील एका पायवाटेला त्याचे नाव दिले आहे. 1854 च्या एप्रिलमध्ये हा 31 वर्षांचा इंग्रज सिंगापूरला उतरला आणि बुकिट तिमा येथे एका फ्रेंच कॅथलिक मिशनऱ्याच्या घरी राहिला. सुमारे दोन महिन्यांत त्याने भुंगेऱ्यांच्या 700 जाती गोळा केल्या. त्यांपैकी 130 लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या होत्या. हा बहुतेक सारा संग्रह जेमतेम एका चौरस मैलाच्या जंगलातला! डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा शास्त्रज्ञ म्हणून आज जग त्याला ओळखते.

ही कथा आपण शाळेत थोडीफार वाचलेली असते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. या माणसाचे घर कशावर चालत होते? डार्विनकडे वडिलोपार्जित संपत्ती होती. हक्स्लीला अध्यापनाची नोकरी होती. वॉलेसजवळ यांपैकी काहीच नव्हते. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली, विद्यापीठाची पदवी नाही, आणि पूर्णवेळ शास्त्रीय पद त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही. त्याचे उत्पन्न प्रथम कीटक आणि पक्षी यांच्या नमुन्यांच्या विक्रीतून आले आणि पुढे मुख्यतः लेखणीतून. म्हणूनच त्याचे प्रकाशकांशी असलेले संबंध हा केवळ चरित्रातला किरकोळ तपशील नाही. त्याचे विज्ञान कसे चालले, याचेच उत्तर त्यात आहे.

पुस्तकाचे करार कसे होत

त्या काळी इंग्लंडमध्ये लेखक आणि प्रकाशक यांच्यात साधारण चार प्रकारचे व्यवहार होत. पहिला प्रकार म्हणजे लेखकाने स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापायचे आणि प्रकाशकाने ते दलाली घेऊन विकायचे. दुसरा, ठरावीक रक्कम घेऊन लेखकाने सर्व हक्क विकून टाकायचे. तिसरा, नफ्यातील वाटणीचा. खर्च प्रकाशक करी; कागद, छपाई, बांधणी, जाहिरात हे सर्व वजा जाता जे उरेल त्यात दोघांचा वाटा, बहुधा अर्धा-अर्धा. चौथा प्रकार रॉयल्टीचा, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे ठरलेली रक्कम.

कागदावर तिसरा प्रकार सर्वांत न्याय्य दिसतो. परंतु संगणक-प्रणालींच्या परवान्यांचे करार ज्यांनी वाचले आहेत, त्यांना त्यातील गोम चटकन कळेल. नफा किती झाला हे ठरवणारे हिशेब प्रकाशकाच्या वहीत असतात. शिवाय प्रती गुदामात पडून राहिल्या तर वाटून घ्यायला काही उरतच नाही. रॉयल्टीत लेखकाला मोजायच्या असतात त्या फक्त प्रती. वॉलेसने या चारांपैकी तीन प्रकारांचा अनुभव घेतला.

दोन पुस्तके, दोन धडे

सिंगापूरला येण्यापूर्वी तो चार वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यात होता. 1852 साली परत येताना त्याचे जहाज भर समुद्रात पेटले. संग्रहाचा मोठा भाग आणि बहुतेक टिपणे जळाली. हाती राहिली ती पत्र्याच्या पेटीतील माशांची आणि ताडवृक्षांची काही चित्रे. लंडनमधील त्याचे दलाल सॅम्युएल स्टीव्हन्स यांनी दूरदृष्टीने त्या मालाचा 200 पौंडांचा विमा उतरवलेला होता, म्हणून तो निभावला.

1853 मध्ये त्याची दोन पुस्तके निघाली. ॲमेझॉनच्या ताडवृक्षांवरील पुस्तक त्याने स्वतःच्या खर्चाने छापले, अवघ्या 250 प्रती. दुसरे प्रवासवर्णन. त्याचा करार अर्ध्या नफ्याचा होता आणि प्रती 750. आठ वर्षे पूर्वेकडे राहून 1862 साली वॉलेस मायदेशी पोहोचला, तेव्हा त्यांपैकी सुमारे 250 प्रती पडूनच होत्या. साहजिकच वाटून घ्यायला नफा नव्हता.

याच आठ वर्षांत लंडनमध्ये काय घडले ते सर्वश्रुत आहे. 1858 साली वॉलेसने मलुकू बेटांतून डार्विनला आपला निबंध पाठवला. 1 जुलै रोजी तो डार्विनच्या लिखाणाबरोबर लिनियन सोसायटीत वाचला गेला, तोही वॉलेसला न विचारता. पुढच्या वर्षी डार्विनचा ग्रंथ आला. त्याचे प्रकाशक जॉन मरे यांचे घराणे बायरनची पुस्तके छापणारे. मरे यांनी हस्तलिखित संपूर्ण वाचण्यापूर्वीच निव्वळ नफ्याचा दोन-तृतीयांश वाटा देऊ केला. पहिल्या 1250 प्रतींच्या आवृत्तीचे डार्विनला 180 पौंड मिळाले. मुद्रितांवर त्याने इतक्या दुरुस्त्या केल्या की वाढीव खर्च सोसण्याची तयारी त्याने आपण होऊन दाखवली. ज्याला पुस्तकावर पोट भरायचे नाही, त्यालाच हे परवडते. डार्विनने मरे यांना वॉलेसकडे एक प्रत धाडायला सांगितले. ती 1860 साली त्याला अंबोनला मिळाली आणि त्याने ती पाच-सहा वेळा वाचून काढली.

मॅकमिलनशी गाठ

वॉलेस परतला तो 1,25,660 नमुन्यांचा हिशेब घेऊन. प्रवास सुमारे 14,000 मैलांचा. मित्रांना वाटले, आता पुस्तक लगेच येईल. परंतु आधी संग्रह लावायचा, नव्या जातींची वर्णने करायची आणि मग लिहायचे असे त्याने ठरवले. प्रवासाचे कथन लिहिणे आपल्याला जमत नाही, अशी कुरकुर त्याने डार्विनपाशीही केली. 1866 मध्ये त्याचे लग्न झाले. सासरे विल्यम मिटन हे शेवाळांचे तज्ज्ञ. ससेक्समधील त्यांच्या घरी पुस्तकाचा बराच भाग लिहून झाला. ‘द मलाय आर्किपेलॅगो’ 1869 च्या मार्चमध्ये दोन खंडांत बाहेर पडले. किंमत 24 शिलिंग. अर्पणपत्रिका डार्विनच्या नावे.

प्रकाशक होते मॅकमिलन. आपल्याकडे हे नाव शालेय पुस्तकांमुळे परिचित आहे. त्यांची मुंबई शाखा 1901 साली उघडली. पेढीचे धुरीण अलेक्झांडर मॅकमिलन हे स्कॉटलंडमधील गरीब शेतकरी कुटुंबातले. वॉलेसप्रमाणेच त्यांचेही शिक्षण शाळेपुरतेच. पुस्तकांच्या दुकानात काम करीत ते वर आले. भाऊ डॅनियल यांच्या निधनानंतर सारा भार त्यांच्यावर आला. लंडनमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी ते लेखकांना जमवीत. तेथे तंबाखूच्या धुरात टेनिसनसारखे कवी आणि हक्स्लीसारखे शास्त्रज्ञ एकाच टेबलाशी बसत. ‘नेचर’ हे साप्ताहिक त्यांनी काढले तेही 1869 मध्येच, आणि वॉलेस त्याच्या आरंभीच्या लेखकांपैकी एक होता.

करार असा होता: प्रकाशनाच्या वेळी 100 पौंड आणि पहिल्या हजार प्रती विकल्या गेल्यावर पुढच्या प्रत्येक प्रतीमागे साडेसात शिलिंग. शिलिंग म्हणजे पौंडाचा विसावा भाग. मूळ किमतीशी ताडून पाहिले तर ही रॉयल्टी जवळजवळ तिसरा हिस्सा भरते. पहिल्या हजार प्रतींत प्रकाशकाने आपला खर्च वसूल करायचा, लेखकाने तोवर शंभर पौंडांवर निभवायचे आणि पुस्तक चालले तर दोघांनी कमवायचे, असा हा सरळ व्यवहार होता. गुदामात पडलेल्या 250 प्रतींचा अनुभव गाठीशी असलेल्या लेखकाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रकाशकाने पैसाही हात राखून लावला नाही. जोसेफ वुल्फ, क्युलेमान्स यांसारख्या नामांकित चित्रकारांकडून चित्रे करवून घेतली. नकाशे दिले. त्यांपैकी एकावर ती प्रसिद्ध रेषा आहे. तिच्या एका बाजूला आशियाचे प्राणी आणि दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियाचे. शब्दांत चार पाने खाणारी गोष्ट नकाशा एका नजरेत दाखवतो. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, जर्मन भाषांतर आले, आणि 1890 पर्यंत दहा आवृत्त्या झाल्या. जोसेफ कॉनरॅडसारख्या कादंबरीकाराच्या हाताशी हे पुस्तक नेहमी असे.

पुस्तकाने काय दिले, काय नाही

पुढली वीस वर्षे वॉलेसचे बहुतेक महत्त्वाचे शास्त्रीय ग्रंथ मॅकमिलननेच छापले: 1870 साली नैसर्गिक निवडीवरील निबंध, 1876 मध्ये प्राण्यांच्या भौगोलिक प्रसारावरचे दोन खंड, 1880 मध्ये ‘आयलंड लाइफ’ आणि 1889 मध्ये ‘डार्विनिझम’. आपल्या सिद्धांताच्या पुस्तकाला दुसऱ्याचे नाव देणारा हा माणूस! सगळे लेखन मात्र एकाच दाराने गेले नाही. परलोकविद्येवरील पुस्तक जेम्स बर्न्स यांनी काढले, जमिनीच्या राष्ट्रीयीकरणावरचे ट्रुब्नर यांनी, आणि आत्मचरित्र 1905 मध्ये चॅपमन अँड हॉल यांनी.

तरीही पैशाची चणचण संपली नाही. नमुने विकून साठवलेली पुंजी त्याने खाणी आणि रेल्वे यांच्या चुकीच्या समभागांत घालवली. परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासणे, दुसऱ्यांच्या ग्रंथांचे संपादन करणे, असली कामे तो मोबदल्यासाठी करी. अखेर डार्विनने त्याच्या सरकारी निवृत्तिवेतनासाठी खटपट सुरू केली. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांना ते प्रथम पटले नाही. वॉलेसचा परलोकविद्येवरील विश्वास त्यांना खटकत होता. मग ‘आयलंड लाइफ’ आले. ते हूकर यांनाच अर्पण केलेले होते आणि अव्वल दर्जाचे होते. त्यांचा विरोध मावळला आणि 1881 मध्ये वर्षाला 200 पौंड मंजूर झाले. जे काम पदवीने केले नाही ते पुस्तकाने केले.

या साऱ्या हिशेबात एक नाव कुठेच नाही. सारावाकचा तरुण अली अनेक वर्षे वॉलेसबरोबर बेटोबेटी हिंडला. पक्षी टिपणे, त्यांची कातडी सोलून टिकवणे ही कामे त्याने केली. 1862 साली सिंगापूरमध्ये निरोप देताना वॉलेसने त्याला पैसे, आपल्या दोन बंदुका, दारूगोळा आणि अवजारे दिली आणि त्याचे छायाचित्र काढवून घेतले. ते आत्मचरित्रात छापून आले. त्या काळातील एका युरोपीय मालकाच्या मानाने ही वागणूक चांगलीच म्हणायची. पण प्रतीमागच्या साडेसात शिलिंगांत अलीचा वाटा असावा, ही कल्पना कोणत्याही करारात बसणारी नव्हती.

‘द मलाय आर्किपेलॅगो’ आजही छापले जाते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील इतिहासकार जॉन व्हॅन वाय यांनी संपादित केलेली त्याची सटीप आवृत्ती 2015 साली येथेच प्रसिद्ध झाली. वेळ थोडा असेल तर निदान दुसरे प्रकरण वाचावे. ते सिंगापूरवर आहे. त्यात बुकिट तिमाचे वाघ आहेत, वाघांसाठी खणलेले खड्डे आहेत, लाकूड कापणारे चिनी मजूर आहेत. त्या मजुरांनी तोडलेल्या झाडांच्या सालींवर, पानांवर भुंगेरे विपुल सापडत, असे वॉलेस नोंदवतो. आपल्या मुलांना टेकडीवर नेण्यापूर्वी ही काही पाने त्यांना वाचून दाखवली, तर नेहमीच्या वाटेवरही त्यांना पाहण्याजोगे बरेच काही सापडेल.