सोनचाफा : एकरभर नको, विहिरीजवळ दहा झाडे लावा



ऊस नोंदीच्या निमित्ताने शिवारात फिरताना दोघा-तिघा सभासदांनी एकच प्रश्न केला, "साहेब, वसईकडं सोनचाफ्याची शेती करतात म्हणे. आपण उसातला एकर मोकळा करून लावला तर?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र झाडाचा स्वभाव पाहूनच द्यावे लागेल.

प्रथम ओळख पटवून घेऊ. देवळापुढे असतो तो चीक निघणारा पांढरा चाफा अमेरिकेतून आलेला; त्याचा सोनचाफ्याशी नात्याचा संबंध नाही. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. मधमाश्या पृथ्वीवर येण्याआधीपासूनचे हे कुळ, म्हणून यातल्या पुष्कळ जातींच्या फुलांचे परागीभवन आजही भुंगेरे करतात. झाड सदाहरित, फूल पानाच्या बेचक्यात येते. बियांपासून वाढवले तर झाड उंच जाते आणि फुलाला सात-आठ वर्षे थांबावे लागते. कलमाला मात्र पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुले दिसतात. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या वेताळ बांबर्डे येथून प्रसार पावलेला 'वेलणकर' सोनचाफा अशा कलमांमुळेच नावाजला.

आता आपल्या भागाचा विचार करू. हे मूळचे दमट जंगलातले झाड. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आपल्याकडे सातशेच्या आसपास. त्यात भुसावळचा मे महिना म्हणजे पंचेचाळीस अंश आणि वर गरम वारा! पानांच्या कडा करपतात, कळ्या गळतात. दुसरी अडचण जमिनीची. सोनचाफ्याला निचरा हवा. भारी काळ्या, चोपण किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीत मुळे कुजतात. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. खोडव्यावर पडतो तो 'केवडा' तुम्ही पाहिलाच आहे; हा त्याचाच भाऊ, लोहाची कमतरता.

तिसरी गोष्ट बाजाराची. वसईचे फूल पहाटे तोडले की लोकलने सकाळीच दादरला पोचते. आपल्यापासून मुंबई साडेचारशे किलोमीटर. आज उमललेले फूल उद्या माळेत चालत नाही. तेव्हा आपले गिऱ्हाईक भुसावळ-जळगावचे फूलवालेच. ते किती घेतील हे आधी विचारा, मग खड्डे खणा. ऊस मोडून एकर लावा, असा सल्ला मी देणार नाही. विहिरीजवळ किंवा घराच्या पूर्वेला दहा कलमे मात्र जरूर लावा.

लागवड अशी करावी :

१. जून-जुलैत पाऊस लागल्यावर दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्यावा. पोयटा माती, दोन घमेली कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड घालून भरावा. काळ्या जमिनीत खड्ड्यावर फूटभर उंचवटा करून त्यावर कलम लावावे.

२. दोन झाडांत दहा फूट अंतर ठेवावे. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखाली फूट आली तर लगेच काढावी. मी स्वतः एकदा हयगय केली. खालची फूट जोमाने वाढली, कलम मेले आणि पुढे तीन वर्षे मी नुसत्या पानांना पाणी घातले.

३. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा करावा. केळीला शेवरीचे कुंपण करता, तसेच हेही समजा. बुंध्याभोवती पाचट पसरावे. जाळण्यापेक्षा ते इथे कामाला येते.

४. पाणी ठिबकने, थोडे पण नेमाने द्यावे. सरीचे पाणी बुंध्याशी तुंबू देऊ नये.

५. पाने पिवळी पडल्यास फेरस सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे. खवले किडीची फांदी छाटून जाळावी.

६. छाटणी करून झाड सात-आठ फुटांवर ठेवावे, म्हणजे घरातल्या बायामाणसांच्या हाताला फूल येते. तोडणी उजाडण्यापूर्वी, फूल अर्धवट उमललेले असताना करावी.

रोप घेताना जोड डोळ्यांनी पाहा. 'कलम आहे' या तोंडी शब्दावर बियांचे रोप घेतले तर आठ वर्षांनी कुणाकडे दाद मागणार? आणि बियांचे झाड उसाच्या बांधावर तर लावूच नका. ते मोठे होऊन सावलीने दोन सऱ्या खाईल.

खड्डे घेण्यापूर्वी गट ऑफिसला येऊन ॲग्री ओव्हरसियरला जमीन दाखवा. दहा झाडांनी कर्ज फिटणार नाही, पण सणासुदीला फुलांचे चार पैसे घरात येतील. दोन उन्हाळे ती टिकली, तर वाढवायचे की नाही ते तुमचे तुम्हालाच कळेल.

— ऊस विकास अधिकारी