ताप उतरला, पोट दुखतंय

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी येतं. तेव्हापासून घरोघरी पिंपं भरलेली असतात. चाकण एमआयडीसीभोवतीच्या खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळीतल्या भाड्याच्या खोल्यांतही पाणी येईल तेव्हा साठवायचं, हीच रीत. अशा पाण्यात डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पिंपाच्या कडेला चिकटलेली अंडी तर कोरडी राहूनही कित्येक महिने तगतात. म्हणून पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, घासावं लागतं.

डेंगीचं गंभीर रूप मुलांमध्ये पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते मनिलाला १९५४ मध्ये आणि बँकॉकला १९५८ मध्ये. आपल्याकडे १९६३ मध्ये कोलकात्यात मोठी साथ आली. आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था पुण्यात १९५२ मध्येच सुरू झाली होती. डेंगीच्या निदानाचे तिचे संच पुढे देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत गेले. बँकॉकच्या बालरोगतज्ज्ञ सुचित्रा निम्मानित्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो मुलं तपासून जे निकष मांडले, त्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेची १९७५ ची नियमावली झाली. त्यात वाढलेल्या यकृताची नोंद होती. म्हणजे पोटाकडे बघायला डॉक्टर तेव्हाच शिकले होते. तरी सामान्य माणसाच्या मनात राहिल्या त्या फक्त प्लेटलेट.

याचं मला फार वाईट वाटतं, कारण मूल दगावतं ते बहुधा प्लेटलेटच्या आकड्यामुळे नव्हे. रक्तातला द्रव बारीक रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतो, पोटात आणि छातीत साचतो, रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब कोसळतो. लहान मुलांच्या रक्तवाहिन्या मोठ्यांपेक्षा लवकर गळू लागतात. यकृत सुजतं, उजव्या बरगडीखाली दुखतं. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड दिसते, भोवती पाणी दिसतं. कधी दुखणं इतकं तीव्र असतं की अपेंडिक्सची शंका येते. अशा वेळी घाईने चाकू लावला तर रक्तस्रावाचा धोका मोठा; पित्ताशयाची ही सूज बहुतेकदा काही दिवसांत आपोआप ओसरते. क्वचित स्वादुपिंडालाही सूज येते. २००९ च्या नव्या नियमावलीत पोटदुखी आणि न थांबणारी उलटी धोक्याच्या खुणांमध्ये घातली गेली.

या खुणा बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान दिसतात, नेमक्या ताप उतरू लागतो तेव्हा. आपल्या पट्ट्यात हा योग फार वाईट जुळतो. कंत्राटी कामगाराला खाडा पडला की पगार कापला जातो. पोराला ताप आहे तोवर तो कसाबसा घरी थांबतो. अंग गार लागलं की पहिल्या पाळीला निघतो. घरी मूल पोट धरून पडलेलं असतं, ओकतं, लघवीला जात नाही. ‘अशक्तपणा आहे, खाल्लं नाही म्हणून दुखतंय,’ असं म्हणत दुपार जाते. पोटदुखीसाठी घरातली मेफ्टलची गोळी दिली जाते. डेंगीत पॅरासिटामॉलखेरीज मेफ्टलसारखं दुसरं वेदनाशामक देऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

रक्तवाहिन्यांतली ही गळती चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालते. या काळात सलाइन मोजून द्यावं लागतं, रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारं हिमॅटोक्रिट पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. त्यानंतर झिरपलेला द्रव परत रक्तात येतो. तेव्हाही सलाइन भरभरून चालू ठेवलं तर श्वास कोंडतो. वेळीच ओळखून नीट उपचार मिळाले तर गंभीर डेंगीतही मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली राहतं, हे जगभर सिद्ध झालं आहे.

म्हणून दवाखान्यातून तापाचं मूल घरी पाठवताना चिठ्ठीवर औषधांच्या खाली मराठी-हिंदीत ठळक लिहायला हवं: ताप गेल्यावर पोट दुखलं, उलट्या थांबेनात, सहा तास लघवी झाली नाही, तर रात्र असली तरी लगेच घेऊन या. आणि ताप उतरल्यानंतरचे ते दोन दिवस आई-बापाची रजा कंपनीने पगारी धरायला हवी.