रक्तदाबावरील औषधे, रक्तातील चरबी आणि गुठळी

रक्तदाब उतरविणे हे उच्च रक्तदाबावरील औषधांचे काम होय. परंतु पोटात गेलेले औषध नेमून दिलेल्या एकाच कामावर थांबत नाही. रक्तातील चरबीचे प्रमाण व रक्त गोठण्याची प्रवृत्ती यांवरही त्याचा कमीअधिक परिणाम होतो. हृदयविकाराचा झटका बहुधा याच दोहोंच्या संगनमताने येतो : धमनीच्या अस्तरात साठलेला चरबीचा थर फुटतो आणि त्यावर रक्ताची गुठळी धरते.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो एका कोड्यामुळे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सौम्य रक्तदाबाच्या १७,३५४ स्त्री-पुरुषांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. औषधोपचाराने पक्षाघाताचे प्रमाण घटले; हृदयविकाराचे झटके मात्र म्हणावे तसे कमी झाले नाहीत. या चाचणीत दोन औषधे होती. पहिले बेंड्रोफ्ल्युअझाइड, म्हणजे लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकणाऱ्या थायझाइड वर्गातील. दुसरे बीटा-रोधक प्रोप्रॅनोलॉल. संशय साहजिकच चरबीवर गेला. थायझाइड मोठ्या मात्रेत दिल्यास कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड काहीसे वाढतात. जुन्या बीटा-रोधकांमुळे ट्रायग्लिसराइड वाढते आणि 'चांगले' म्हणून ओळखले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल घटते. अल्फा-रोधक औषधे याउलट चरबीचे प्रमाण किंचित सुधारतात.

तेव्हा अल्फा-रोधकच श्रेयस्कर, असा तर्क कोणीही केला असता. तो फसला. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या 'ऑलहॅट' या प्रचंड चाचणीतील डॉक्साझोसिन या अल्फा-रोधकाचा भाग २००० साली मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. क्लोरथॅलिडोन या थायझाइडसदृश औषधाच्या तुलनेत ते घेणाऱ्यांत हृदय दुबळे पडण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले होते. कोलेस्टेरॉल किंचित वाढवूनही हेच जुने, स्वस्त क्लोरथॅलिडोन हृदयविकाराचे झटके रोखण्यात अ‍ॅम्लोडिपिन व लिसिनोप्रिल यांच्या बरोबरीचे असल्याचे २००२ च्या निष्कर्षांत दिसून आले. प्रयोगशाळेच्या कागदावरील आकडा आणि रुग्णाचे आयुष्य यांत अंतर असते, ते असे.

गुठळीच्या बाबतीत लक्ष वेधून घेतात ती एसीई-रोधक औषधे. त्यांपैकी कॅप्टोप्रिलचा माग ब्राझीलमधील जराराका सर्पाच्या विषावरून लागला, ही गोष्टही नवलाचीच. अँजिओटेन्सिन हा पदार्थ रक्तवाहिन्या आवळतो. शिवाय गुठळी विरघळविण्याच्या शरीराच्या क्रियेला आडकाठी करणाऱ्या 'पीएआय-१' या प्रथिनाची निर्मितीही वाढवितो. एसीई-रोधकांमुळे अँजिओटेन्सिन कमी तयार होते व ही आडकाठी सैल पडते. चरबीवर मात्र या औषधांचा परिणाम नगण्यच. अर्थात, गुठळीवरील या परिणामाने अ‍ॅस्पिरिनची वा रक्त पातळ करणाऱ्या औषधाची जागा भरून निघत नाही.

थायझाइड वर्गातील औषधे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी मात्रेत दिली जातात. क्लोरथॅलिडोनची सुरुवात बहुधा साडेबारा मिलिग्रॅमने होते. या मात्रेत चरबीत पडणारा फरक अल्प असतो. तरीही तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले दिसताच रक्तदाबाची गोळीच बंद करणारे रुग्ण आढळतात. वाढलेल्या कोलेस्टेरॉलवर आहार व स्टॅटिन हे स्वतंत्र उपाय आहेत. गोळी बदलावयाची झाल्यास ती डॉक्टरांनीच बदलावी. बीटा-रोधकाच्या बाबतीत तर ही घाई जिवावर बेतू शकते. ते एकाएकी थांबविल्यास, विशेषतः हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णास, छातीत कळा येऊ शकतात, प्रसंगी झटकाही येऊ शकतो. म्हणून त्याची मात्रा एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवितात.