घराची श्रीमंती कशात मोजावी?

वसई-विरार परिसरातील महागड्या घरांच्या जाहिराती चाळल्या, तर श्रीमंत घराविषयीच्या आजच्या कल्पना ध्यानात येतात. दोन मजल्यांच्या उंचीचे प्रवेशदालन, दर्शनी भागी रोमन धाटणीचे खांब, जमिनीपासून छतापर्यंत काचेची भिंत आणि पोहण्याचा तलाव. पिण्याच्या पाण्यासाठी दूरच्या सूर्या धरणाकडे डोळे लावून बसणाऱ्या शहरात पोहण्याचा तलाव वैभवाचे लक्षण ठरावा, यातील विसंगती मात्र सहसा कोणाला खटकत नाही.

वैभव वसईला नवे नाही. १५३४ पासून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला जिंकेपर्यंत येथे पोर्तुगीज उमरावांची वस्ती होती. १६७५ मध्ये येथे आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने त्यांच्या दुमजली प्रासादांचे वर्णन करून ठेवले आहे. त्यांना आच्छादित सज्जे होते, मोठ्या खिडक्या होत्या आणि त्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने होती. शिंपल्यातून उजेड आत येतो, पण उन्हाची तिरीप निवते. म्हणजे परक्या सत्ताधाऱ्यांनाही घर बांधताना येथील सूर्याशी आणि पावसाशी तडजोड करावी लागली.

किल्ल्याबाहेरील सधन बागायतदारांना हे शहाणपण कोणी शिकवावे लागले नव्हते. त्यांच्या घराचे जोते उंच असे, कारण पावसाळ्यात अंगणात पाणी येणारच. उतरत्या कौलारू छपराखालची पडवी भिंतीला पावसाची झड लागू देत नसे. ओटीवर आल्यागेल्याचे स्वागत होई आणि घराभोवतीच्या वाडीत बावखल असे. या गोड्या पाण्याच्या तळ्यात पावसाचे पाणी साठे, जमिनीत मुरे आणि विहिरींना झरे राहत. त्या घराचा प्रत्येक अवयव काही ना काही काम करीत असे.

आजचे दर्शनी खांब पुष्कळदा कशाचाच भार वाहत नाहीत. काचेची भिंत दुपारी तापते आणि वातानुकूलन यंत्राचे बिल वाढवते. बावखले बुजवून, भराव टाकून जमीन उंच केली की पाणी नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याच्या दारात जाते. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारची रेल्वे बंद पडली आणि वीजही गेली. वीज गेली की उद्वाहक थांबतो, पंप थांबतो. मग उंच मजल्यावरील संगमरवराचा काय उपयोग?

हा प्रश्न केवळ धनिकांचा नाही. बंगल्यांतील थाट आज मध्यमवर्गीय इमारतींतही उतरला आहे. कर्ज काढून दोन खोल्या घेणारा शिक्षक वा कारकून त्या प्रवेशदालनाची किंमत भरतो आणि पुढे दरमहा त्याच्या देखभालीचा खर्चही सोसतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्र स्पष्टपणे सांगणे बंधनकारक केले, हे योग्यच झाले. परंतु खोलीत वारा खेळतो की नाही, हे चौरस फुटांत मोजता येत नाही.

तेव्हा घर पाहायला जाणाऱ्याने खांबांची उंची विचारण्याआधी जोत्याची उंची विचारावी. पावसाचे पाणी कोठे जाते, दुपारचे ऊन कोठून येते आणि नळाला पाणी किती वेळ असते, हे विचारावे. या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे ज्या घरापाशी आहेत, तेच घर खऱ्या अर्थाने श्रीमंत होय.