बेस गिटारचा पट्टा

वाद्याच्या लाकडाविषयी, तारांविषयी, नादाविषयी वादक तासन्‌तास बोलतात. परंतु ज्या पट्ट्याच्या आधाराने ते वाद्य खांद्यावर लटकते, त्याच्या लांबीची चौकशी मनगट दुखू लागेपर्यंत सहसा कोणी करीत नाही. अहमदनगरात, म्हणजे आता दप्तरी अहिल्यानगरात, १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे पडले आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांनी येथील ख्रिस्ती उपासनेला अस्सल मराठी वळण दिले. त्याच शहरातील एका मंडळीत आज पेटी-तबल्याच्या शेजारी बेस गिटारही वाजते, आणि ती वाजविणाऱ्या तरुणाचा पट्टा बसविण्याची खटपट मला जवळून पाहावयास मिळाली.

लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा माणसाहून उंच अशा डबल बेसचे काम गळ्यात अडकविता येणाऱ्या वाद्याकडे आले खरे. पण खर्जाला लागणारी तारेची लांबी काही माफ झाली नाही. घोडीपासून दांडीच्या टोकाकडील पट्टीपर्यंत ३४ इंच तार, वजन सुमारे चार किलो, आणि पहिला पडदा इतका दूर की डावा हात जवळजवळ पुरता लांबवावा लागतो. वाद्य खाली सोडले की उजवा हात सुखावतो, पण तारांखाली पोहोचण्यासाठी डावे मनगट काटकोनाकडे दुमडते. वाद्य छातीशी घेतले की डाव्याची फिर्याद मिटते आणि वरच्या कडेवरून खाली वळणारे उजवे मनगट आपली कैफियत मांडू लागते. मनगटातील अरुंद बोगद्यातून बोटे मिटविणाऱ्या ९ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो, व मनगट दुमडताच तेथील दाब वाढतो. तेव्हा ही कुरकुर केवळ नाजूकपणाची नव्हे.

आमच्या तरुणाने उंची मुकर्रर केली होती ती आरशासमोर. डी डी रमोन आणि पीटर हुक यांची मांडीपर्यंत लोंबणारी वाद्ये त्याने छायाचित्रांत पाहिली होती. छातीशी वाद्य धरून विलक्षण चपळाईने वाजविणारा मार्क किंग त्याला ठाऊक असूनही दिसायला आवडत नव्हता. संगमनेरकडच्या तमाशाच्या फडावर रात्र रात्र उभा राहणारा ढोलकीवाला ढोलकी कमरेशी बांधतो ती दोन्ही पंजे सहज पडतील अशा बेताने, हे मी त्याला सांगून पाहिले, तो हसला.

शेवटी उपयोगी पडली ती बिनहाताची खुर्ची. तीवर पाठ ताठ ठेवून बसावे, वाद्य मांडीवर घ्यावे, दांडीचे टोक किंचित वर उचलावे, दोन्ही मनगटे सरळ राहतील अशी जागा सापडली की पट्टा तेथेच जेमतेम ताणला जाईल इतका आखडावा, आणि मग उभे राहावे: वाद्य जागचे हलता कामा नये. हा दस्तूर वादकांत जुनाच आहे. पण उपदेशाच्या वेळी बसून आणि गीतांच्या वेळी उभे राहून वाजविणाऱ्यास त्याची उपयुक्तता विशेष, कारण हाताला दर वेळी पडद्यांचे अंतर नव्याने शोधावे लागत नाही.

एक अडचण उरली. हात सोडताच दांडी जमिनीकडे झुके, आणि डावा पंजा सूर दाबण्याऐवजी ओझे तोलण्यात गुंते. अरुंद, गुळगुळीत नायलॉनचा पट्टा खांद्यावरून घसरत होता. त्याच्या जागी आतून खरखरीत असलेला तीन इंच रुंदीचा चामडी पट्टा आला, तेव्हा घर्षणानेच दांडी बऱ्यापैकी सावरली. त्या पट्ट्याची छिद्रे मात्र हव्या त्या उंचीच्या अलीकडे-पलीकडे पडत होती. माळीवाड्यातील चामड्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने बोटाने जागा चाचपून आरीने मधोमध नवे छिद्र पाडले. हिवाळ्यात अंगावर स्वेटर चढला की पट्टा आखूड पडणार, म्हणून पलीकडे आणखी एक छिद्र त्याने आपण होऊन पाडून दिले, आणि त्याचे निराळे पैसे घेतले नाहीत.